रुग्णांविषयीची कणव आटू लागली तर काय करावे?

प्रश्न :
मी दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. सलग रात्रपाळ्यांनंतर मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगताना आतून काहीच हलत नाही, हे जाणवल्यापासून मला स्वतःचीच भीती वाटते. हा नुसता थकवा आहे का, आणि तो रोखता येतो का?

उत्तर १ :
आपण निष्ठुर झालेल्या नाहीत. मॅस्लॅक आणि जॅक्सन या संशोधकांनी बर्नआउट, म्हणजे कामामुळे येणारी मानसिक दमणूक, मोजण्यासाठी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत भावनिक थकवा, समोरच्याकडे माणूस म्हणून पाहता न येणे आणि आपल्या हातून काही साधत नाही असे वाटणे, या तीन बाजू आहेत. आपण दुसरीचे वर्णन केले आहे. कामाचा भार आणि इतरांच्या वेदनेचा सततचा सहवास ही दोन वेगळी कारणे असल्यामुळे केवळ रजेने दोन्ही दूर होत नाहीत. मला स्वतःला बॅलिंट गटाचा आधार मिळाला. १९५० च्या दशकात लंडनमध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत निदानाची नव्हे, तर रुग्णाने डॉक्टरच्या मनात काय उमटवले याची चर्चा होते.

उत्तर २ :
सहमत आहे, परंतु सारा भार प्रशिक्षणार्थींवर टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणामध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नसून कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. त्यामुळे पाळ्यांचे वेळापत्रक सुधारणे आणि मृत्यूनंतर वरिष्ठांनी दहा मिनिटे सोबत बसणे, ही विभागाची जबाबदारी ठरते.

उत्तर ३ :
सुट्टीतही झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आजच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शक्यतो ते आपल्या विभागाबाहेरचे असावेत.