४०९६ बाईटमध्ये हलगी वाजवायची तर सिंथ स्वतःचा लिहायचा का तयार घ्यायचा?

पूर्वभाग_पोरगं
मुद्द्यावरच येतो. मी आणि माझा दोस्त ४ केबीचा इंट्रो करूलालोय, विषय आपली सोलापूरची गड्ड्याची जत्रा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डेमोसीनमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहून चित्र-संगीत करणाऱ्या हौशी लोकांच्या जगात, अशी स्पर्धा असते की चित्र, हालचाल, संगीत सगळं मिळून एकच एक्झी फाईल आणि ती ४०९६ बाईटच्या वर एक बाईट गेली तरी बाद. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला १,७६,४०० बाईट खातो, म्हणजे आपल्या अख्ख्या फाईलीत सेकंदाचा चाळिसावा हिस्सा पण मावत नाही. मग रेकॉर्डिंग भरायचा विषयच संपला, आवाज जागेवर बनवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे सिंथच आत कोंबायचा, आणि गाणं चालू झालं की तो गणितं करून करून आवाज काढत राहणार.

चित्राचं जमलंय. सात नंदीध्वज म्हणजे सात उंच काठ्या, शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चित्र काढणाऱ्या कोडमध्ये, दोन ओळीत उभ्या राहिल्या. अडलंय ते हलगीवर. फोरक्लँग नावाचा तयार सिंथ घेतला, तीन आठवडे बसलो, आणि जे निघालं ते प्लॅस्टिकच्या बादलीवर मारल्यासारखं. माझं मत आता पक्कं झालंय, तयार सिंथ घेतला की आवाज पण दुसऱ्याचाच येतो. त्याच्यातली जुळणी त्याच्या बनवणाऱ्याच्या कानाची असते. आपल्याला आपला आवाज पाहिजे तर सिंथ आपणच लिहायला पाहिजे. बोला.

कडक_भाकरी
नाही पटलं. आधी गाणं पूर्ण कर बे.

मी दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. मूळ सूर काढणारा ऑसिलेटर लिहिला, आवाज चढवणारा-उतरवणारा एन्व्हलप लिहिला, आवाज गाळणारा फिल्टर लिहिला, मग प्रतिध्वनीचा डिले, मग सुरांच्या नोटा वाजवणारा प्लेअर, आणि एवढं झाल्यावर कळलं की गाणं रचायला हातात काहीच नाही, नोटा आकड्यांत टाईप करायच्या, कंपाईल करायचं, ऐकायचं, परत आकडे. सहा महिने गेले आणि गाणं सोळा सेकंदांचं. फोरक्लँग प्लगिन म्हणून येतो, नेहमीच्या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डवर बोटं ठेवून वाजवायचं, तो रेकॉर्ड करून असेंब्लीत, म्हणजे मशीनच्या जवळच्या भाषेत, उतरवून देतो, आणि जे युनिट वापरलं नाही त्याचा कोड फाईलीत जातच नाही. विंडोज सोडून लिनक्स, मॅक, ब्राऊझर पाहिजे तर त्याच्यावरूनच पुढे निघालेला सोइन्टू आहे. ही माणसं वर्षानुवर्षं एकेक बाईट घासत बसलीत, ते काम तू परत का करतोस?

पूर्वभाग_पोरगं
कारण त्यांनी पण ते स्वतःसाठीच केलं होतं ना. फारब्राऊश या जर्मन डेमो ग्रुपचा २००० सालचा तो गाजलेला ६४ केबीचा इंट्रो, त्याचा व्हीटू सिंथ त्यांच्याच माणसाने लिहिला, कारण त्याच्या डोक्यात जे वाजत होतं ते कुठे तयार मिळत नव्हतं. आपण तिथपर्यंत का जायचं नाही?

कडक_भाकरी
आणि लिहून झाल्यावर त्यांनी तो बाकीच्यांना वापरायला दिला. कशासाठी दिला? वापरायलाच ना.

जॅकार्डवाला
मी पोरांपेक्षा वयाने मोठा, घरी अक्कलकोट रोडला माग होते, आता दोनच राहिलेत. कॉम्प्युटरचं मला पोरगा शिकवतो तेवढंच. पण हे वाचून एक सांगावंसं वाटलं. चादरीवरचा मोर मागात कुठेच नसतो. असतात ती भोकं पाडलेली कार्डं, भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. कार्डाची माळ फिरत राहते आणि तेवढ्यावर पन्नास चादरी निघतात, शंभर निघतात. फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ ला काढलेली ही युक्ती. तुमचं ४ केबीचं मला तेच वाटलं, कापड पाठवायचं नाही, कार्डं पाठवायची.

आता तुमच्या भांडणाबद्दल. आमच्याकडे माग कोणी घरी बनवत नव्हतं, माग विकतच यायचा. डिझाईन मात्र आपलं, कार्डं आपण पाडायचो. पण चांगला कारागीर माग आला की आठ दिवस त्याच्याशी झटायचा, ताण बदलायचा, धोट्याचा मार बदलायचा, आणि मग तो माग फक्त त्याच्या हाताला चालायचा. तुम्ही दोघं या मधल्या जागेबद्दल बोलतच नाही आहात.

शेकलेली_हलगी
सगळ्यांनाच माझा विरोध आहे. माझे मामा हलगी वाजवतात. हलगी आधी जाळावर शेकतात, चामडं तापून ताणलं की मग ती बोलते, गार पडली की आवाज बसतो, परत शेकायची. एका हातात बारीक लांब काडी, दुसऱ्यात आखूड जाड काठी. या माणसाचा आवाज तुम्ही साईन वेव्ह जोडून काढणार आणि वर त्याला "आपला आवाज" म्हणणार? फोनमध्ये १२८ जीबी जागा आहे. मामांना बोलवा, दोन पैसे द्या, नीट रेकॉर्ड करा. बाईट वाचवण्याच्या नादात माणूस वगळला जातो, त्याचं मला वाईट वाटतं.

पूर्वभाग_पोरगं
तुझं मनाला लागलं, खरं सांगतो. पण मामांच्या जागी हे नाहीच. रेकॉर्डिंगमध्ये मी फक्त बटण दाबतो. इथे मला कळावं लागतं की काडी पडल्यावर पहिल्या दहा मिलिसेकंदात काय होतं, सूर किती खाली घसरतो, चामड्याचा आवाज आधी मरतो का लाकडाचा. हलगी इतकी बारकाईने मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. मामांकडे यायचंय मला, वाजवताना जवळून बघायला, चालेल का?

शेकलेली_हलगी
ये की. पण मत बदललं नाही.

रेल्वेलाईन्स_फिजिक्स
बादलीचं कारण सांगतो, त्यात सिंथचा दोष नाही. तुझा एकच ऑसिलेटर असणार किंवा दोन, पट्टीत जुळवलेले. ताणलेलं गोल चामडं तसं वाजत नाही. मूळ सूर १ धरला तर वरचे सूर १.५९, २.१४, २.३० असे वाकडे पडतात. तबल्याला मध्ये शाई असते म्हणून त्याचे सूर पट्टीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. हलगीला शाई नाही, म्हणून तिचा आवाज कोरडा आणि फुटलेला. आता गंमत बघ, १.५९ म्हणजे बरोबर आठ सेमीटोन, म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या आठ पट्ट्या वर. २.१४ म्हणजे तेरा आणि थोडंसं, २.३० म्हणजे चौदा आणि जवळजवळ अर्धा. फोरक्लँगमध्ये चार ऑसिलेटर लाव, ट्रान्सपोज (सूर किती सेमीटोन वर न्यायचा) ०, ८, १३, १४ आणि शेवटच्या दोघांना डिट्यून, म्हणजे उरलेला थोडासा फरक. वर नॉईजचा एक छोटा टिचका. एक ओळ कोड न लिहिता होईल.

पूर्वभाग_पोरगं
हे मला माहीत नव्हतं, आजच बसवतो. पण एक अडचण राहतेच. फोरक्लँगमध्ये नोट जाते, मार किती जोरात पडला ते जात नाही. हलगीत तर सगळं मारावरच आहे. जोरात मारली की नुसता मोठा आवाज नाही येत, वरचे सूर जास्त उघडतात. माझ्या सिंथमध्ये त्याला नोटेमागे दोन बिट लागतात.

कडक_भाकरी
दोन इन्स्ट्रुमेंट कर. एक काडीचं, एक काठीचं. खऱ्या हलगीला पण दोनच असतात, वरच लिहिलंय. आणि दोन्हींचा डेटा जवळजवळ सारखा ठेव, चार-पाच आकडेच वेगळे, एक्झी दाबून लहान करणारा क्रिंकलर आधीच्या बाईटवरून पुढची ओळखतो त्यामुळे सारखं सारखं असलेलं जवळपास फुकटात दाबलं जातं. तुझे ते दोन बिट मात्र दर नोटेला वेगळे, म्हणजे ते दाबले जाणारच नाहीत. हा हिशोब केलास का?

पूर्वभाग_पोरगं
नव्हता केला. आत्ता केला, रात्रीचे दोन वाजलेत.

फोरक्लँगवर दोन इन्स्ट्रुमेंट आणि ०, ८, १३, १४ ची जुळणी बसवली. बादली गेली. काडी तर अशी आली की दोस्त फोनवरच ओरडला. काठी अजून पोकळ वाटते. दाबून संगीताचे एकूण १७४० बाईट. माझा अर्धवट सिंथ त्याच ठेक्याला १४३० घेतो, आणि त्यात काठी भरीव येते कारण मारावर सूर उघडतो. दोन बिटांचं म्हणशील तर बरेच ठोके एकाच जोराचे निघाले, ते पण दाबले गेले. ३१० बाईट म्हणजे मला नंदीध्वजांमागे होम मैदानावरचं दारूकाम दाखवता येतं. म्हणून मी माझाच घेऊन पुढे चाललोय.

कडक_भाकरी
ठेका एकच आहे म्हणून १४३०. बेस आला, सनई आली की तुझ्या सिंथला फिल्टर लागेल, डिले लागेल, आणि ते ३१० तिथेच जातील. दोन्ही फाईली पाठव. काठीचं मी फोरक्लँगमध्येच भरीव करून दाखवतो.