जुन्या सर्व्हरवरील जपानी फाइलनावे नव्या सर्व्हरवर वाचता येत नाहीत

प्रश्न
ओसाका येथील एका ग्राहकाच्या जुन्या लिनक्स सर्व्हरवरील सुमारे ४०,००० फाइली आम्ही टार या अवजाराने एका गठ्ठ्यात बांधून नव्या उबुंटू सर्व्हरवर उलगडल्या. फाइली उघडतात, आतला मजकूरही शाबूत आहे. नावांचा मात्र पार विचका झाला आहे. काताकाना लिपीतील ‘मेमो’ या दोन अक्षरी नावाच्या जागी टर्मिनलवर बॅकस्लॅशसह २४५, ३४१, २४५, ३४२ असे आकडे दिसतात. नव्या सर्व्हरचे लोकेल (भाषा व अक्षरांची मांडणी) यूटीएफ-८ आहे, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याची आजची सर्रास पद्धत. ते बदलावे, की नावेच बदलावीत?

उत्तर १
लोकेलला हात लावू नका, नावे बदला. लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) फाइलनावाकडे केवळ बाइटांची ओळ म्हणून पाहतो. तिरपी रेघ (/) आणि शून्य बाइट एवढेच काय ते त्याला वर्ज्य. त्यामुळे टारने बाइट जसेच्या तसे आणले आहेत आणि काहीही हरवलेले नाही. निदान तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. ते अष्टमान (आठच्या पायाच्या) पद्धतीतील आहेत, आणि ईयूसी-जेपी या जुन्या जपानी संकेतनात (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) काताकाना अक्षराचा पहिला बाइट २४५ असतो. शिफ्ट-जेआयएस हे दुसरे जपानी संकेतन असते, तर हेच नाव २०३, २०१, २०३, २०२ असे दिसले असते.

कॉन्व्हएमव्ही हे अवजार नेमके याच कामाचे आहे. मूळ संकेतन ईयूसी-जेपी, नवे यूटीएफ-८ आणि उपफोल्डरांसह, असे त्याला सांगावे. ते आपणहून केवळ रंगीत तालीम करते. ‘नोटेस्ट’ हा पर्याय दिल्याखेरीज एकही नाव बदलत नाही. ती तालीम फाइलीत उतरवून एखाद्या जपानी जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून वाचून घ्यावी, कारण चुकीचे संकेतन निवडले तरी कधीकधी दिसायला अस्सल पण निरर्थक कांजी (जपानीतील चिनी मूळची अक्षरे) तयार होतात.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत. एक भर घालतो: नावांची लांबी आधी तपासा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलव्यवस्थेवर नाव २५५ बाइटांपुरतेच असते. कांजीला ईयूसीमध्ये सहसा दोन बाइट लागतात आणि यूटीएफ-८मध्ये तीन, म्हणून १०० कांजींचे नाव जुन्या सर्व्हरवर २०० बाइटांत सुखाने बसते आणि नव्यावर ३०० बाइटांचे होऊन अडते. जपानी कार्यालयांत तारीख, विभाग, विषय आणि ‘अंतिम’, ‘अंतिम २’ असे सारे नावातच कोंबण्याची सवय असते (आपल्याकडे तरी कुठे वेगळे आहे), तेव्हा ही अडचण केवळ पुस्तकी समजू नका.

उत्तर ३
डेटाबेसमध्ये फाइलींचे मार्ग नोंदलेले असतील, तर तेही त्याच वेळी बदलावे लागतील. शिवाय जुना सर्व्हर इतक्यात बंद करू नका. आमच्या एका स्थलांतरात मधल्या एफटीपी (फाइली पाठवण्याच्या) प्रोग्रामने न ओळखलेल्या अक्षरांच्या जागी खरोखरीच अधोरेषा लिहून ठेवल्या होत्या. तेथे कोणतेही रूपांतर उपयोगी पडले नाही आणि सगळे पुन्हा आणावे लागले.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तालमीत ११ नावे लांबीमुळे अडतील असे दिसले. ती ग्राहकाकडून लहान करून घेतली आणि काल रात्री प्रत्यक्ष रूपांतर केले. एका फोल्डरातील नावे कोणीतरी आधीच यूटीएफ-८मध्ये बदललेली होती, ती अवजाराने ओळखून सोडून दिली. डेटाबेसमधील मार्गांचे काम आज सुरू आहे.