मदत हवी आहे: राइट यशस्वी, तरी फाइल रिकामी कशी?

नमस्कार मंडळी. लिनक्समध्ये राइट कॉल (फाइलमध्ये लिहिण्याची प्रोग्रामची विनंती) आधी व्हीएफएसकडे (सगळ्या फाइल सिस्टिमसाठी कर्नलमधला सामायिक थर) जातो, तिथून एक्स्ट४ या फाइल सिस्टिमकडे, आणि डेटा पेज कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) उतरला की कॉल परत येतो, इथपर्यंत समजलंय. डिस्कवर डेटा सावकाश जातो. मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदही थांबू शकतो.

अडलंय जर्नलपाशी, म्हणजे फाइल सिस्टिम आपल्या बदलांची जी नोंदवही ठेवते तिच्यापाशी. ते तर दर ५ सेकंदांनी कमिट होतं (डिस्कवर पक्कं लिहिलं जातं) ना? तरी वीज गेल्यावर माझी नवी फाइल नावासकट दिसली, पण आकार शून्य! डेटासाठी डिस्कवरच्या जागा (ब्लॉक) उशिरा नेमल्या जातात म्हणून का?

आणि मुख्य प्रश्न: फाइलवर एफसिंक (डेटा लगेच डिस्कवर लिहायला लावणारा कॉल) केलं की पुरे, की तिच्या डिरेक्टरीवरही वेगळं करावं लागतं? डिरेक्टरीतली नोंद (फाइलचं नाव) आणि आयनोड (फाइलचा आकार, ब्लॉक वगैरे माहिती) वेगळे, म्हणून ही शंका. कुणी नेमका क्रम उलगडून सांगाल का? दिवसभराची मोजमापं गेली, पुन्हा घालवायची नाहीत.