जाइल्स कोरीचा हट्ट आणि त्याची मुलगी

असं म्हणतात की, अमेरिकेतल्या सेलम गावच्या जाइल्स कोरीवर चेटूक केल्याचा आळ आला, तेव्हा खटल्याला नकार देऊन त्याने जमीन जप्तीतून वाचवायला दगडांखाली मरण पत्करलं. मला हे अर्धंच पटतं. त्याने जुलै १६९२ मध्येच तुरुंगातून दस्त करून मालमत्ता दोन जावयांच्या, विल्यम क्लीव्ह्ज आणि जॉन मोल्टन यांच्या नावे केली होती. मग ज्युरीपुढे (पंचांपुढे) खटला चालवून घ्यायला नकार कशासाठी? मला तरी त्यात त्याचा जन्मभराचा हट्टच दिसतो.

माणूस भांडकुदळ खराच. १६७५ मध्ये जेकब गुडेल या गड्याला त्याने काठीने इतकं झोडपलं की तो बिचारा दगावला, आणि कोरी दंडावर सुटला. हे विसरून त्याला नुसता हुतात्मा म्हणणं मला जमत नाही. तिसरी बायको मार्था हिच्यावर चेटकिणीचा आळ आला, तेव्हा सुरुवातीला त्याने तिच्याविरुद्धच जबाब दिला! १९ सप्टेंबरला तो गेला, वय ऐंशीच्या पुढे. तीन दिवसांनी मार्था फासावर.

आणि दस्त करूनही शेरीफ, म्हणजे जप्ती करणारा सरकारी अंमलदार, जावई मोल्टनच्या दारात आलाच. जप्ती टाळायला त्या घराने ११ पौंड ६ शिलिंग मोजले. पुढे भरपाई मागताना कोरीची मुलगी एलिझाबेथ हिच्या वतीने तिच्या नवऱ्याने, मोल्टनने, हे सरकारला लिहून दिलं. मला सगळ्यात जास्त वाईट एलिझाबेथचं वाटतं.