रोमचा शेवटचा दिवस

सहल संपताना परक्या माणसांसाठी गळा दाटून येतो, हे म्हणतात ते अगदी खरं. आमची युरोप सहल रोमला संपली. शेवटच्या सकाळी सगळे त्रेवी कारंज्यापाशी गेलो. १७६२ साली पूर्ण झालेलं हे कारंजं. पाठमोरं उभं राहून खांद्यावरून नाणं टाकलं की रोमला पुन्हा येणं होतं म्हणतात. (ती नाणी गोळा करून कारितास संस्थेमार्फत गरजूंसाठी वापरतात, हे मला फार आवडलं.) आमच्या सहलीतल्या सोलापूरच्या काकू नाणं टाकून म्हणाल्या, "रोमचं राहू दे, तुम्ही सगळे परत भेटा!" फ्युमिचिनो विमानतळावर त्यांनी उरलेल्या शेंगाचटणीच्या पुड्या बांधून प्रत्येकाच्या हातात ठेवल्या. माझी पुडी मी आठवडाभर उघडलीच नाही.