विषय: आई-बाबांना सहा महिने कुठल्या गावात करमेल?

प्रेषक: कोलंबसकर, ओहायो

नमस्कार मंडळी,

ह्यांची बदली होतेय. कंपनीने चार ऑफिसं पुढे ठेवली आहेत: न्यू जर्सी, शिकागो, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन डीसी. पगार सगळीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे घरात भांडायला दुसरं कारण हवं होतं. ते मिळालं. एप्रिलमध्ये माझे आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येताहेत.

गेल्या खेपेला इथे त्यांचा दिवस म्हणजे सकाळी आमच्या कॉलनीला एक चक्कर, मग सोफा. आम्ही दोघं ऑफिसात. तिसऱ्या महिन्यात बाबांनी आमचं गराज लावून काढलं. चौथ्या महिन्यात तेच सगळं बाहेर काढून पुन्हा लावलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तर ह्या चारांत करण्यासारखं सर्वांत जास्त कुठं आहे? बाबा ७१, आई ६७. गुडघे ठीक. बाबांचं इंग्रजी चांगलं, आईचं कामापुरतं. गाडी दोघंही चालवणार नाहीत.

- कोलंबसकर

*

प्रेषक: एडिसनकर

ताई, ह्यात विचारायचं काय? न्यू जर्सी घ्या. नदीपलीकडे न्यूयॉर्क, तिथल्या सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, ४७२ स्टेशनं आणि रात्री तीन वाजताही गाडी. बाकीच्या गावांनी आधी एवढं करून दाखवावं, मग बोलू.

माझे वडील इथे असताना त्यांचा कार्यक्रम ठरलेला असे. गर्दी ओसरली की एडिसनहून ट्रेन, ६२ नंतर अर्धं तिकीट, तासाभरात न्यूयॉर्कचं पेन स्टेशन. तिथून सबवेने मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला आणि स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीत. फेरी सगळ्यांनाच फुकट. पंचवीस मिनिटं लागतात आणि बोट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून जाते. पलीकडे सगळ्यांना उतरवतातच, मग पाय मोकळे करायचे आणि पुढच्या बोटीने परत. वडील म्हणायचे, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेल्यासारखंच आहे, फक्त शेजारी कोंबड्या नाहीत.

देवधर्म हवा असेल तर सात नंबरच्या गाडीने शेवटपर्यंत फ्लशिंग. बाउन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ १९७७ सालचं आहे. दर्शन वर आणि कँटीन तळघरात. आमच्याकडे दर्शनाआधी डोसा व्हायचा, देवाला ठाऊक आहे.

एकच दुखणं. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 'मनाला येईल ते द्या' ही सवलत २०१८ पासून फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या रहिवाशांना, आणि आसपासच्या विद्यार्थ्यांना. जर्सीकरांना पूर्ण तिकीट. नदीच्या अलीकडे राहण्याचा दंड समजा.

- एडिसनकर

*

प्रेषक: शुगरलँडकर

एडिसनकर नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात जिंकताहेत. ह्यूस्टन म्हटलं की लोकांना नासा आणि उकाडा एवढंच सुचतं, म्हणून लिहिते.

मेनिल कलेक्शन हे कलेचं म्युझियम कायम फुकट. तिथून दोन पावलांवर रॉथको चॅपल, १९७१ सालचं. आत काळपट जांभळी भिंतभर चित्रं, साधी बाकं आणि शांतता. माझ्या सासूबाई तिथे तासभर जप करत बसतात, कुणी हटकत नाही. चित्रं कशाची आहेत हे त्यांनी एकदाच विचारलं, आणि मलाही सांगता आलं नाही. फाइन आर्ट्स म्युझियम गुरुवारी फुकट. हरमन पार्कातल्या मिलर थिएटरात उघड्यावर नाच-गाण्याचे फुकट कार्यक्रम होतात. बस आणि ट्राम सत्तरीनंतर फुकट, म्हणजे तुमच्या बाबांना. आईला अजून तीन वर्षं अर्धं तिकीट काढावं लागेल. आमच्याकडे ह्यावरून आठवडाभर टोमणे चालले होते.

पण खोटं कशाला बोलू? हे सगळं शहराच्या आत. आम्ही शुगरलँडला. सासूबाईंना मी नेते, म्हणजे शनिवारी. आणि एप्रिल ते ऑक्टोबर हा आमच्याकडचा नेमका वाईट काळ. डाउनटाउनखाली मैलोन्‌मैल एसी बोगदे आहेत, पण ते ऑफिसवाल्यांसाठी, शनिवार-रविवार बंद. जुलैच्या दुपारी बसस्टॉपवर म्हातारी माणसं उभी करू नका. नोव्हेंबरात आणलंत तर मी पुन्हा भांडायला येईन.

- शुगरलँडकर

*

प्रेषक: नेपरव्हिलकर

ह्यूस्टनच्या काकू नोव्हेंबराबद्दल बोलल्या, ते मी खाली मान घालून मान्य करतो: हिवाळ्यात आमच्याकडे नको. पण मे ते ऑक्टोबर असेल तर शिकागोच.

आमच्याकडून ट्रेनने युनियन स्टेशन. बाहेर पडून अॅडम्स स्ट्रीट धरायचा आणि नाकासमोर पूर्वेला चालायचं. वीसेक मिनिटांनी रस्ताच संपतो आणि समोर आर्ट इन्स्टिट्यूटचे दोन ब्राँझचे सिंह. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले ते ह्याच इमारतीत. दारासमोरच्या मिशिगन अॅव्हेन्यूच्या तुकड्याला त्यांचं नाव दिलंय. ती पाटी शोधण्यात सासऱ्यांची एक सकाळ मजेत गेली, दुसरी सकाळ ती सासूबाईंना दाखवण्यात. आतलं तिकीट महाग आहे, म्हणून उत्तरेला थोडं चालून कल्चरल सेंटरमध्ये जायचं. पूर्वी तिथे सार्वजनिक ग्रंथालय होतं, १८९७ ची इमारत, डोक्यावर टिफनी काचेचा घुमट. प्रवेश फुकट, बसायला भरपूर खुर्च्या, स्वच्छ बाथरूम. वरच्या सगळ्या मेलांत बाथरूमचा उल्लेख कुणीच केला नाही, ह्यावरून लिहिणाऱ्यांचं वय कळतं.

समोर मिलेनियम पार्क. तिथल्या त्या चकचकीत 'बीन' शिल्पाला सासरे पावटा म्हणतात. उन्हाळ्यात संध्याकाळी हिरवळीवर सतरंजी टाकून फुकट सिंफनी ऐकायची. लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालयही बारा महिने फुकट.

- नेपरव्हिलकर

*

प्रेषक: सूत्रचालक

कृपया खालचा जुना मजकूर कापून मग उत्तर द्या. कालच्या एकत्रित मेलमध्ये भाऊचा धक्का सात वेळा आला.

*

प्रेषक: अॅशबर्नकर, व्हर्जिनिया (आईकडून)

सर्वांना नमस्कार. मी अॅशबर्नकरांची आई. मुलीच्या पत्त्यावरून लिहिते आहे, तिला विचारून.

तुम्ही सगळे गावात काय काय आहे ते मोजताय. तुमचं बरोबर आहे, तुमच्या खिशात गाडीची किल्ली असते. आमच्या बाजूने मोजायचं तर असं मोजा: मंगळवारी सकाळी अकरा वाजता, मुलगी-जावई कामावर असताना, मी माझ्या पायांनी कुठे जाऊ शकते? ह्या हिशेबाने मोठमोठी गावं शून्यावर येतात. टेक्सासात मुलाकडे मी पाच महिने राहिले. गावात मोठं म्युझियम आहे, फुकट आहे, मी ते दोनदा पाहिलं. बाकीचे दिवस खिडकीतून शेजाऱ्याचा माळी पाहिला. मुलाचा दोष नाही. घरापासून दुकानापर्यंत फूटपाथच नव्हता.

इथे मुलीचं घर मेट्रो स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर आहे. अॅशबर्न हे सिल्व्हर लाइनचं शेवटचं स्टेशन, २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. शेवटचं असल्यामुळे बसायला जागा मिळते आणि परत येताना स्टेशन चुकायची भीती नाही. गाडी न बदलता तासाभरात वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन स्टेशनला उतरता येतं. मुलगी दोन रविवार बरोबर आली, तिसऱ्या खेपेला तिने चिठ्ठी लिहून दिली: 'फेडरल ट्रँगल आलं की पिशवी उचल, पुढचं आपलं.' ती चिठ्ठी अजून पर्समध्ये आहे. लागत नाही, पण आहे.

वर आलं की दोन्ही बाजूंना स्मिथसोनियनची सरकारी म्युझियमं. तिकीट नाही. नाताळचा दिवस सोडला तर रोज उघडी, बहुतेक दहा ते साडेपाच. विमानांच्या म्युझियमला मात्र आधी वेळ घेऊन ठेवावी लागते, तेही फुकटच. तिकीट नसण्याचा खरा फायदा पैशाचा नाही. पाय दुखले की अर्ध्या तासात उठून बाहेर येता येतं, पैसे वसूल करायची चिंता नाही. एका दिवशी एकच दालन बघायचं असं मी ठरवलंय. होप हिरा बघायला तीनदा गेले. गोवळकोंड्याकडचाच तो, म्हणजे तसा आपल्या शेजारचा. गर्दी फार असते, पण उंच माणसं म्हातारीला पुढे सोडतात. फ्रीअर गॅलरीत चोळांच्या वेळची काशाची पार्वती पाहिली. कमरेला, दंडाला, गळ्याला सगळे दागिने, आणि नाक मोकळं. मी दोन प्रदक्षिणा घातल्या तरी नथ सापडली नाही. घरी येऊन जावयांना विचारलं, तर नथ आपल्याकडे फार नंतर आली म्हणे.

पहिल्या दिवशी दारावर पिशवी तपासली. आत स्टीलचा डबा. पहारेकऱ्याने उघडायला लावला. डिंकाचे लाडू. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी गुडघ्यावर थाप मारून म्हटलं, "फॉर नी." तो इतका हसला की मागच्या रांगेतले वाकून बघायला लागले. खायचं बाहेर हिरवळीवर, आत नाही, एवढं सांगून सोडलं. आता मला बघितलं की तोच स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारतो.

स्टेशनवर गुंटूरकडच्या एक आजी भेटतात. त्यांना मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही, हिंदी दोघींचीही मोडकी. गुरुवारी बरोबर जातो. सुनेबद्दल त्या काय सांगतात ते मला पूर्ण कळतं.

तुझ्या आईला हे वाचून दाखव बाळ.

ता. क. (मुलीकडून): आईने एक लिहिलं नाही. सरकारचं शटडाउन झालं, म्हणजे खर्चाच्या मंजुरीअभावी काम थांबलं, की ह्या सगळ्याला टाळं लागू शकतं. २०१३ च्या ऑक्टोबरात पंधरवडाभर बंद होतं. आणि स्टेशनजवळचं भाडं आमच्या आधीच्या घरापेक्षा बरंच जास्त आहे. तीन वर्षं हिशेब करतोय, अजून पटवून घेता आलेलं नाही. आई असली की पटतं.

*

प्रेषक: एडिसनकर

काकूंपुढे मी काय बोलणार? ते अर्धं तिकीटही मीच काढायचो, आणि स्टेशनपर्यंत वडिलांना सोडायला रोज मीच जायचो, हे मी मेलमध्ये गाळलं होतं. बायकोने लक्षात आणून दिलं.

पण एक जागा सांगतो, ती काकूंच्या हिशेबात धरू नका. ग्रँड सेंट्रलहून हडसन लाइनने शेवटचं स्टेशन पकिप्सी. जाताना डावीकडे बसायचं, जवळपास पूर्ण वाटभर नदी. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, बावीस पूर्ण नव्हती. इथे ज्यांनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्या कार्पेंटरबाईंकडे अस्थी पाठवल्या आणि त्यांनी ह्या दफनभूमीतल्या आपल्या घरच्या जागेत दगड बसवला. स्टेशनवरून टॅक्सी करावी लागते. वडिलांनी दगडासमोर बूट काढले. बर्फ नुकतं वितळलं होतं, मोजे भिजले, तरी हलेनात. परतीच्या दोन तासांत एक शब्द बोलले नाहीत. पेन स्टेशनला आल्यावर म्हणाले, ती बोटीने आली होती रे, घरचं कुणी बरोबर नव्हतं.

कुठेही घर घ्या, हे एकदा करा.

- एडिसनकर

*

प्रेषक: कोलंबसकर

सगळ्यांचे आभार. साताऱ्याला फोन लावून सगळे मेल वाचून दाखवले, दीड तास गेला. बाबांनी कागदावर गावांची नावं लिहून पुढे खुणा केल्या होत्या, शेवटी सगळं खोडून एकच ओळ ठेवली: घरापासून स्टेशन चालत किती मिनिटं.

ह्यांनी काल डीसीच्या ऑफिसला होकार कळवला. अॅशबर्न, हर्न्डन, रेस्टन, ह्या पट्ट्यात स्टेशनपासून वीस मिनिटांच्या आत दोन बेडरूमचं कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. मार्चअखेर हवंय. आणि काकू, आई विचारतेय, लाडू गुळाचे की साखरेचे?

- कोलंबसकर