'अँटिसेमिटिझम'ला मराठीत काय म्हणायचं?

कोशवेडा: अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या २०२४ च्या कायद्यात 'अँटिसेमिटिझम'ची व्याख्या आली आहे. मराठीत 'सेमिटिकविरोध' चालेल?

आडवीरेघ: नाही. सेमिटिक हे भाषाकुळ. हिब्रूबरोबर अरबी आणि अम्हारिकही त्यातल्याच. शब्द मात्र १८७९ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मार या पत्रकाराच्या प्रचारातून रुळला, तो फक्त ज्यूंविरुद्ध. 'सेमिटिझम' असं काही नसतंच, म्हणून इंग्रजीतही बरेच जण 'anti-Semitism' मधली रेघ गाळून 'antisemitism' लिहितात. सरळ 'ज्यूद्वेष' लिहा.

कलमकसाई: बोलताना ठीक, पण व्याख्येत हा शब्द अडतो. जॉर्जियाने आयएचआरएची (इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स ही आंतरराष्ट्रीय संघटना) २६ मे २०१६ ची 'वर्किंग डेफिनिशन' घेतली आहे: ज्यूंविषयीची एक विशिष्ट धारणा, जी द्वेषाच्या रूपात व्यक्त होऊ शकते. 'होऊ शकते' सोडू नका. ज्यू भाडेकरू नाकारताना घरमालक म्हणतो, "माझा काही राग नाही हो, पण हे लोक फार घासाघीस करतात." इथे द्वेष दिसत नाही, धारणा दिसते. नावातच द्वेष घातला तर हा माणूस सुटतो.

आडवीरेघ: मान्य. मग 'वर्किंग डेफिनिशन'साठी 'कार्यकारी व्याख्या'चं काय? मला ते एखाद्या समितीचं नाव वाटतं!

कलमकसाई: 'कामचलाऊ'ही नको, त्यात तात्पुरती डागडुजी आली. 'वापरापुरती व्याख्या' म्हणा. आयएचआरएने ती स्वतःहून कायद्याने बंधनकारक नाही असं म्हटलं आहे. जॉर्जियातही ती नवा गुन्हा निर्माण करत नाही. घर नाकारणं हा भेदभाव आधीच बेकायदा. त्यामागचा हेतू ठरवताना सरकारी यंत्रणेने ही व्याख्या विचारात घ्यायची. म्हणून 'ज्यूद्वेषबंदी कायदा' हे भाषांतर साफ चुकीचं. नुसतं बोलणं म्हणजे भेदभाव नव्हे. खरा वाद आहे तो जोडलेल्या ११ उदाहरणांवर, कारण त्यांतली बरीच इस्रायलविषयीची आहेत.

कोशवेडा: आणि 'ज्यूधर्मविरोध'?

कलमकसाई: तिथे तर फसालच. अमेरिकेच्या १९६४ च्या केंद्रीय नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात भेदभावबंदीच्या आधारांत वंश, त्वचेचा रंग आणि राष्ट्रीय मूळ आहे, धर्म नाही. ज्यूंना तिथे संरक्षण मिळतं ते समान पूर्वज किंवा वांशिक ओळख या आधारावर. ('वर्ण' लिहू नका, आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवतं.) कोकणात बेने इस्रायली ज्यूंना 'शनवार तेली' म्हणत: धंदा तेलाचा, घाणा शनिवारी बंद. ती ओळखही एका रकान्यात बसत नाही.

कोशवेडा: म्हणजे पहिल्यांदा 'अँटिसेमिटिझम (यापुढे ज्यूद्वेष)', आणि व्याख्येत 'धारणा' जशीच्या तशी.

आडवीरेघ: हो. 'धारणा'च्या जागी 'मत' मात्र नको. मत बाळगायला अमेरिकेतल्या पहिल्या घटनादुरुस्तीचं (अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं) संरक्षण आहे, वकील तिथूनच सुरुवात करेल.